खडकीचा शिल्पकार : मलिक अंबर

भडकल दरवाज्याजवळच्या एका गल्लीत आमचे घर आहे. भिंतीला भिंत लागून घरांची रांग. एकाने खिळा ठोकला की शेजारच्याची झोप मोडते! माझे वडील गवंडी. आमच्या घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. रोज ज्या दरवाज्याखालून जातो तो कोणी उभारला, हे मला येथे आल्यावर समजले.

तो पुरुष म्हणजे मलिक अंबर! इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अंबर हे नावदेखील मालकाने दिलेले. बगदादमार्गे तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. त्याच्याच पदरी तो राज्यकारभार शिकला आणि धन्याच्या मृत्यूनंतर गुलामगिरीतून सुटला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा बुडती निजामशाही सावरली ती याच एके काळच्या गुलामाने.

१६१० मध्ये त्याने खडकी येथे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. परंतु नुसत्या घरांच्या रांगांनी शहर होत नाही, त्याला पाणी लागते, हे त्याने ओळखले. उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचे मुरलेले पाणी खापरी नळांतून, केवळ उतार आणि दाब यांच्या हिशेबावर, त्याने शहरात खेळविले. हीच नहर-ए-अंबरी. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी जाळली. ती पुन्हा उभी राहिली. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे तेव्हा त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

ही हकीगत मी वडिलांना वाचून दाखविली. त्यांना अक्षरओळख नाही. लढाया त्यांनी मुकाट्याने ऐकल्या. पण खापरी नळांचा उतार आला तसे त्यांनी मला थांबविले आणि तेवढे पुन्हा वाचायला लावले. मग कितीतरी वेळ ते आपला ओळंबा बोटांत फिरवीत बसले.

गेल्या वर्षी प्रवेश-अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी खासगी नोकरी असे लिहिले होते. यंदा गवंडी असे लिहिले.