देवळालीचे अंकशास्त्री

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, अनुदाने आणि पदव्यांची मालिका डोळ्यांसमोर येते. रसायन वा पदार्थविज्ञानात ते बव्हंशी खरेही आहे; उपकरणांवाचून तेथे पाऊल पुढे पडत नाही. गणिताचे तसे नाही. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिक्षकाची नोकरी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे सारे भांडवल कागद आणि पेन्सिल एवढेच होते.

त्यांचा जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे व्यासंगी; मुलाला आकडेमोडीची गोडी तेथूनच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. ही उणीव विद्वानांच्या जगाने त्यांना विसरू दिली नाही.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी. येईल त्या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि मग ती हलत नाही. त्यांच्या जन्मवर्षाचाच आकडा घ्या: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१, पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. पाचवीतल्या मुलालाही हे पडताळता येईल.

नेमके येथेच विद्वानांचे नाक मुरडले गेले. हे गुणधर्म संख्यांचे नसून दशमान लेखनपद्धतीचे आहेत, तेव्हा हा करमणुकीचा प्रकार होय, असा त्यांचा आक्षेप. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. परंतु कापरेकरांचे सगळेच प्रश्न एवढ्यावर निकालात निघत नाहीत. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते: १५ पासून २१. १०१ ला असे दोन जनक आहेत, ९१ आणि १००. उलट २०, ३१, ४२ यांना जनकच नाही. या स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या म्हटले. डेम्लो संख्यांना नाव मिळाले ते आजच्या डोंबिवली स्थानकावरून. अशा प्रश्नांची चाळणी करून सिद्धतेचा भाग उचलणारा एखादा तज्ज्ञ सहकारी त्यांना येथे लाभला असता, तर थट्टेपेक्षा ते अधिक फलदायी ठरले असते. तो लाभला नाही. पुस्तिका त्यांनी स्वखर्चाने छापल्या.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि जगभरच्या गणितप्रेमींना कापरेकर हे नाव ठाऊक झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.