मंदिर पडले तेव्हा



जेरुसलेम नगरी पाहून प्रभू येशूने अश्रू ढाळले, हे आपण लूककृत शुभवर्तमानात वाचतो. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी, इ. स. 70 साली, तीतसच्या रोमन सैन्याने ती नगरी जिंकली आणि मंदिर जाळले. त्या संकटात यहुदी लोकांना सावरणाऱ्या गुरूंचे नाव रब्बी योहानान बेन जक्काई.

वेढा पडला तेव्हा शहरातील बंडखोर कोणालाही बाहेर जाऊ देत नव्हते. परंपरा सांगते की, गुरू वारले असे भासवून शिष्यांनी त्यांना शवपेटीतून वेशीबाहेर नेले. रोमन सेनापती वेस्पासियनकडे त्यांनी यावने हे गाव आणि तेथील विद्वान मागितले. जेरुसलेमच का मागितले नाही, असा दोष पुढे त्यांना दिला गेला.

मंदिर जळाल्याचे कळताच ते वस्त्रे फाडून रडले. पण रडून थांबले नाहीत. यावने येथे त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन चालू ठेवले. मंडपांच्या सणात झावळ्या हाती घेण्याची मंदिरातील सात दिवसांची प्रथा त्यांनी मंदिराच्या आठवणीसाठी सर्वत्र लागू केली.

एकदा शिष्य यहोशवा मंदिराचे अवशेष पाहून हळहळले. पापक्षमेसाठी अर्पण करायची जागाच उरली नव्हती. दयेची कृत्ये हेही तितकेच मोठे प्रायश्चित्त आहे, असे गुरूंनी त्यांना समजावले. आधार दिला होशेय संदेष्ट्याचा. मत्तयच्या घरी जेवताना प्रभू येशूनेही त्याच वचनाची आठवण करून दिली होती.

मरणसमयी योहानान रडले. देवापुढे आपला काय निवाडा होईल, याची त्यांना धास्ती होती. तरीही यहुदाचा राजा हिज्कीया येत आहे, त्याच्यासाठी आसन मांडा, असे त्यांनी शिष्यांना सांगितले. शोक आणि आशा एकाच खाटेवर होती.

इ. स. पूर्व 586 मध्ये बाबिलोनी सैन्याने पाडलेले पहिले मंदिर आणि हे दुसरे, या दोन्हींसाठी यहुदी लोक आजही अव महिन्याच्या नवमीला उपवास करतात आणि जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज या उपवासाला बिरड्याचा रोजा म्हणत असे. रोजच्या प्रार्थनेत मंदिर पुन्हा उभे राहावे अशी विनवणीही असते.

आपल्याही आयुष्यात एखादे मंदिर कोसळते. घरातले माणूस जाते, आधार तुटतो. तेव्हा मनसोक्त रडावे. मग उठून शेजारच्या दुःखिताचे दार ठोठवावे. तिथेच देवाची वेदी असते.