ओले एव्हिनरूड: स्वतःच्याच नावाशी स्पर्धा करणारा इंजिनवाला



मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही सहा जण तारकर्लीला गेलो होतो. होडीत चौघे मागे मशीनजवळ बसलो, कारण व्हिडिओ तिथून भारी येत होता. होडीवाल्या काकांनी मशीन फुल केलं. आवाज प्रचंड, होडीचं तोंड आकाशाकडे, आणि वेग मात्र काहीच नाही. काकांनी आमच्यातल्या दोघांना पुढे पिटाळलं. होडी सपाट झाली आणि वेग लगेच वाढला. मशीन तेच, पेट्रोल तेच!

परत आल्यावर होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं हे आउटबोर्ड इंजिन कोणी आणलं ते शोधायला लागलो. आधी एक-दोघांनी अशी इंजिनं बनवली होती. पण लोकांनी भरवशाने विकत घ्यावं असं मशीन बनवून हा धंदा उभा केला तो ओले एव्हिनरूडने.

ओले 1877 मध्ये नॉर्वेत जन्मला. तो लहान असतानाच घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले आणि तिथे शेती करू लागले. शाळा लवकर सुटली. वयाच्या सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरात मशीनच्या कामाला लागला आणि रात्री पुस्तकं वाचून इंजिनिअरिंग शिकला. (माझ्याकडे डिग्री आहे, तरी फ्लायव्हील हातात धरून कधी पाहिलं नव्हतं. असो.) पुढे पिट्सबर्ग, शिकागो असं करत तो मिलवॉकीला आला आणि भागीदारीत इंजिनं बनवायला लागला.

1906 च्या उन्हाळ्यातला आइस्क्रीमचा किस्सा तिकडे सगळ्यांना पाठ आहे. ओकॉची तलावावर पिकनिक होती. बेस केरी या मैत्रिणीला आइस्क्रीम खावंसं वाटलं, म्हणून ओले चार-एक किलोमीटर वल्ही मारत ते आणायला गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी! किस्सा थोडा मीठमसाला लावून सांगितला जात असेल, पण त्याच वर्षी त्याने बेसशी लग्न केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मशीन तयार झालं, हे खरं. पहिलं मॉडेल बघून बेसला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं म्हणे.

1909 मध्ये विक्रीला आलेल्या मशीनची ताकद 1.5 हॉर्सपॉवर होती, वजन 62 पौंड म्हणजे सुमारे 28 किलो आणि किंमत 62 डॉलर. इंजिन वर, त्यातून खाली जाणारा उभा दांडा, आणि पाण्याखाली गिअर लावून ती फिरकी आडव्या पंख्याला दिलेली. आजचं कुठलंही छोटं आउटबोर्ड उघडून बघा, मांडणी हीच आहे. शंभरपेक्षा जास्त वर्षं टिकलेलं आर्किटेक्चर! आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीचा कोड बघूनही लोक कपाळाला हात लावतात.

मशीन ओलेचं, पण धंदा बेस सांभाळायची. पत्रव्यवहार तिच्याकडे, आणि वल्ही फेकून द्या असं सांगणारी गाजलेली जाहिरातही तिचीच. स्कँडिनेव्हियातल्या मासेमारांकडूनही मागणी आली. पण या धावपळीत बेसची तब्येत ढासळली. 1914 च्या सुमारास ओलेने कंपनीतला आपला हिस्सा भागीदाराला विकला, आणि पाच वर्षं या धंद्यात उतरणार नाही असं लिहून दिलं. कंपनीबरोबर एव्हिनरूड हे नावही गेलं. म्हणजे उद्या पुन्हा मशीन बनवलं तरी त्यावर स्वतःचं आडनाव टाकायची सोय नाही. मला हा माणूस आवडला तो इथे. तब्येत की कंपनी, यावर त्याने फार वेळ घालवलेला दिसत नाही.

ती पाच वर्षं कुटुंबाबरोबर फिरण्यात गेली, पण डोकं चालूच होतं. जुन्या मशीनची खरी अडचण वजन होती. लोखंडाचं धूड होडीच्या शेपटाला टांगलं की शेपूट बुडतं, तोंड वर होतं, आणि निम्मी ताकद पाणी ढकलण्यात जाते. म्हणून त्याने जमेल तिथे ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरचं इंजिन केलं. ताकद 3 हॉर्सपॉवर, वजन सुमारे 22 किलो. भागून बघा, दर किलोमागे ताकद जवळपास अडीच पट झाली. आधी त्याने ते जुन्या भागीदारालाच देऊ केलं. त्याने नको म्हटलं. मग 1920 च्या सुमारास ओले आणि बेसने नवी कंपनी काढली आणि मशीनचं नाव ठेवलं एल्टो. एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड यातली आद्याक्षरं! आडनाव असं एका अक्षरात लपवून परत आणलं.

होडीच ॲल्युमिनियमची करायचं चलन दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलं, ते बघायला ओले नव्हता. पण अमेरिकेतल्या तलावांवर आज अशा मासेमारीच्या होड्यांना छोटं इंजिन लावणारे लोक जे करतात, ते त्याचंच गणित आहे. होडी हलकी, त्यामुळे वजन इकडचं तिकडे झालं की लगेच जाणवतं. म्हणून पेट्रोलची टाकी आणि बॅटरी मागून काढून पुढे ठेवतात. मग उंची. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती साधारण होडीच्या तळाच्या रेषेत हवी. इंजिन खूप खाली बसवलं तर पाणी अडवतं, खूप वर घेतलं तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं किंचाळतं. झुकाव ठरवणारी पिन योग्य भोकात घालतात, म्हणजे पूर्ण वेगात पंख्याचा आस पाण्याच्या पातळीला समांतर राहतो.

आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पंखा. समजा पिच 9 इंच आहे, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर 9 इंच पुढे जातो. इंजिन मिनिटाला 5500 फेरे, गिअर 2.08 ला 1. मग पंखा सुमारे 2644 फेरे घेणार, आणि वेग येतो ताशी साधारण 36 किलोमीटर. प्रत्यक्षात पाणी निसटतं, म्हणून त्यापेक्षा कमीच मिळतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नसेल तर कमी पिचचा पंखा लावायचा. एक इंच पिच कमी केलं की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. मोठं इंजिन घ्यायच्या आधी हा पंखा बदलून बघणं कितीतरी स्वस्त पडतं.

एल्टो चाललं, आणि चांगलं चाललं. दरम्यान जुनी एव्हिनरूड कंपनी हात बदलत गेली. 1929 मध्ये एल्टो, एव्हिनरूड आणि लॉकवुड या तिन्ही कंपन्या एकत्र झाल्या आणि नव्या कंपनीचा प्रमुख झाला ओले. पंधरा वर्षांनी स्वतःचं नाव स्वतःच्या हाताखाली आलं.

बेस 1933 मध्ये गेली, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. ओले त्यानंतर वर्षभरच जगला. जुलै 1934 मध्ये मिलवॉकीत त्याचं निधन झालं आणि कारभार मुलाकडे, राल्फकडे गेला. एव्हिनरूड नावाची इंजिनं मात्र थेट 2020 पर्यंत बनत होती.