वाटाणा, आगकाड्या आणि दादासाहेब फाळके

दिवाळीच्या सुट्टीत घरचा माळा आवरताना ‘पोस्टमन पॅट’ची डीव्हीडी सापडली. लहानपणी मावशीने लंडनहून आणलेली. ती घेऊन मी सोमेश्वरनगरला आले, तर होस्टेलमध्ये एकीच्याही लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नाही! शेवटी एका जुन्या पीसीवर आम्ही पाच जणींनी ती बघितली. १९८१ ची ब्रिटिश मालिका, आयव्हर वुड यांनी केलेली. बाहुली जराशी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायची. याला स्टॉप-मोशन म्हणतात. लहानपणी मला ती बाहुली जिवंतच वाटायची.

आपल्याकडे हे आधी कोणी केलं असेल, असं रूममेटने विचारलं. शोधत गेले तर नाव निघालं दादासाहेब फाळके. कॉन्व्हेंटमध्ये मी त्यांना एका मार्कापुरतंच ओळखत होते. ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, संपलं.

खरा माणूस मात्र आपल्यासारखाच, खटपट्या. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला आणि भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. गोध्र्याला असताना पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाने झपाटले. इतके सिनेमे बघितले की काही काळ डोळ्यांना दिसेनासं झालं. चाळिशी उलटलेली, पोरंबाळं घरात, तरी विमा गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा मागवून परत आले.

आता पैसे कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा लावून ठेवला. कोंब फुटून वेल वर चढताना पडद्यावर दिसला, तेव्हा पैसे लावणारा माणूस मिळाला. रोज एक फ्रेम घेतली असं सगळीकडे लिहिलेलं आहे. पण मी हिशोब केला. मूकपटाला सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या, तर महिनाभराच्या ३० फ्रेम दोन सेकंदांतच संपतात! तेवढ्यात कोण पैसे काढेल? माझ्या मते ते दिवसातून कितीतरी वेळा हँडल फिरवत असणार. म्हणजे घरातल्यांची झोप गेलीच.

घरातले म्हणजे मुख्यतः सरस्वतीबाई. दागिने त्यांनी दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं त्यांनी पाडली, सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांनीच केला. श्रेयनामावलीचा विषय निघाला की मला राग येतो तो इथे.

‘राजा हरिश्चंद्र’ चालला. तारामती झाले अण्णा साळुंके, कारण काम करायला बाई मिळेना. मग पहिलं महायुद्ध आलं आणि पैसा आटला. त्या तंगीत, १९१५ च्या सुमारास, दादासाहेबांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला. आगपेटीतल्या काड्या एकेक सरकवून त्यांना नाचवलं. ना नट, ना कपडे, ना सेट. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ला तुफान गर्दी झाली, पण नंतर भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. रागावून काशीला जाऊन राहिले, परत आले. १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १९४४ मध्ये नाशिकला गेले, तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं.

‘कालियामर्दन’सारख्या पटांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेत. ‘आगकाड्यांची मौज’ मात्र कुठेच नाही. पोस्टमन पॅट आमच्या माळ्यावर धूळ खात का होईना पण टिकला, आणि आपल्या काड्या गेल्या.

म्हणून आम्हीच करायचं ठरवलं. मोबाईल पुस्तकांच्या ढिगावर टेकवला, टेबलावर काड्या मांडल्या. रात्री अकराला सुरू केलं. मध्ये लाइट गेली, परत आली, तर सगळ्या सावल्या बदललेल्या. पहाटे कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा १९२ फोटो झाले होते. सेकंदाला १२ धरले तर १६ सेकंद. एक काडी चालत येते, दुसरीला वाकून नमस्कार करते, एवढंच.

तिसरी काडी येणार होती. पण सकाळी रूम चेकिंग झालं आणि आगपेटी जप्त झाली.