पाळक ओबर्लिन व डोंगरांतील लहान मुलें

शेताची पहिली मशागत चुकली तर मागाहून कितीही खत घातलें तरी पीक बेताचेंच येतें, हें आमच्या शेतकरी बांधवांस सांगावयास नको. मुलांविषयींही तसेंच आहे. हें ज्यांनीं फार पूर्वीं ओळखिलें त्या पाळक योहान फ्रिड्रिख ओबर्लिन यांचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं स्ट्रासबर्ग शहरीं झाला. वडील शिक्षक होते. ईश्वरज्ञानशास्त्राचा अभ्यास करून १७६७ सालीं ते फ्रान्सच्या पूर्वेकडील व्होज डोंगरांत वाल्डर्सबाख या गांवीं पाळक म्हणून गेले. तेथील मंडळी लहान लहान खेड्यांत विखुरलेली व अत्यंत दरिद्री होती. जमीन खडकाळ, हिवाळा कडक आणि धड रस्ता नाहीं. ओबर्लिन यांनीं स्वतः कुदळ हातीं घेऊन लोकांबरोबर रस्ते बांधिले, ब्रूश नदीवर पूल घातला, बटाट्याची लागवड सुधारली व गरिबांस कर्ज देण्यासाठीं फंड काढिला.

परंतु त्यांचें सर्वांत मोठें कार्य लहान मुलांमध्यें झालें. आईबाप शेतावर गेले म्हणजे शाळेच्या वयास न आलेलीं मुलें दिवसभर उनाड फिरत. बेलमाँ गांवची सारा बँझेट नांवाची एक तरुणी अशा मुलांस जमवून विणकाम शिकवीत असे. हा वेळ फुकट जातो असें तिच्या बापास वाटे. ही गोष्ट ओबर्लिन यांच्या कानीं आली, तेव्हां १७६९ च्या सुमारास त्यांनीं तिला पगार देऊन त्याच कामावर नेमिलें. पुढें इतर खेड्यांतही अशा बालशाळा निघाल्या. तेथें मुलांचे हात सुयांवर चालत आणि शिक्षिका त्यांस बायबलांतील गोष्टी सांगे, गाणीं शिकवी, चित्रें दाखवी, झाडपाल्याची ओळख करून देई.

सारा १७७४ सालीं ऐन तारुण्यांत वारली. तिचें काम पुढें चालविणाऱ्यांत लुईज शेप्लर ही प्रमुख होती. ही खेड्यांतील गरीब मुलगी ओबर्लिन यांच्या घरीं चाकरीस आली होती. १७८३ सालीं ओबर्लिन यांची पत्नी निवर्तली. तेव्हां लुईजनें त्यांच्या सात मुलांचा सांभाळ केला व पुढें पगार घेणेंही सोडिलें. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें तिला ५,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें, तें तिनें बालशाळांच्या कामीं लाविलें. ओबर्लिन हे त्यापूर्वींच, १ जून १८२६ रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं प्रभूकडे गेले होते.

त्यांनीं जें प्रीतीनें केलें त्याचा हिशेब पुढें विद्वानांनीं मांडिला. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील यप्सिलँटी गांवीं १९६२ सालीं एक प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णी घरांतील १२३ मुलांपैकीं ५८ जणांस तीन-चार वर्षांच्या वयांत उत्तम बालशाळा मिळाली, बाकीच्यांस मिळाली नाहीं. चाळिशीपर्यंत त्या सर्वांची चौकशी ठेविली. बालशाळेंत गेलेल्यांपैकीं शेंकडा ७७ जणांनीं माध्यमिक शिक्षण पुरें केलें, न गेलेल्यांपैकीं शेंकडा ६०. पांच किंवा अधिक वेळां अटक झालेले पहिल्यांत शेंकडा ३६, दुसऱ्यांत ५५. अशा शाळेवर खर्चिलेला पैसा समाजास दरसाल शेंकडा ७ ते १० या प्रमाणांत फळ देतो, असें अर्थशास्त्री जेम्स हेकमन व त्यांचे सहकारी यांनीं काढिलें आहे.

प्रिय वाचकहो, आपल्या देशांत १९७५ पासून सरकारनें अंगणवाड्या काढिल्या आहेत. तेथें मूल केवळ खाऊसाठीं पाठवूं नका. तें काय शिकतें हें जाऊन पाहा. उपदेशक बंधूंनीं महिन्यांतून एकदां तरी तेथें डोकवावें. आपल्या मंडळींतही एखादी सारा असेल. तिचा वेळ फुकट जातो असें म्हणणारे पुष्कळ भेटतील. तिला हाताशीं धरणारा पाळक पाहिजे. प्रभु आम्हां पाळकांस ती दृष्टि देवो.