एका कानाने ऐकणारे मुख्यमंत्री

चेन्नईच्या टी. नगर भागात, आर्काट स्ट्रीटवर, एम. जी. रामचंद्रन यांचे स्मृतिभवन आहे. तमिळ चित्रपटांचे लोकप्रिय नायक आणि तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री असलेल्या रामचंद्रन यांचे कार्यालय पूर्वी याच वास्तूत होते. आयुष्याची अखेरची सुमारे वीस वर्षे त्यांना एकाच कानाने ऐकू येत होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

१७ जानेवारी १९१७ रोजी श्रीलंकेतील नावलपिटिया येथे जन्मलेले रामचंद्रन बालपणीच नाटक मंडळीत दाखल झाले. १९३६ साली त्यांचा चित्रपटसृष्टीत प्रवेश झाला. पुढे ते द्रविड मुन्नेत्र कळघम पक्षात सामील झाले.

१२ जानेवारी १९६७ रोजी सहकलाकार एम. आर. राधा यांनी रामापुरम येथील निवासस्थानी त्यांच्यावर गोळी झाडली. प्राण वाचले, परंतु डाव्या कानाची श्रवणशक्ती कायमची गेली आणि आवाजही बदलला. त्या निवडणुकीत ते रुग्णालयातूनच विजयी झाले. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘कावलकारन’ चित्रपटात प्रेक्षकांनी त्यांचा बदललेला आवाज ऐकला आणि स्वीकारला.

१९७२ मध्ये त्यांनी अण्णा द्रमुक पक्ष स्थापन केला. ३० जून १९७७ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि १९८० मधील काही महिन्यांचा अपवाद वगळता अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. एका कानाने ऐकणाऱ्यास आवाज कोणत्या दिशेने आला हे उमगणे कठीण जाते. अनेकजण एकाच वेळी बोलू लागले, तर एकाचे बोलणे वेगळे काढणे त्याहून अवघड. बैठका, निवेदने आणि अभ्यागतांची गर्दी हाच ज्या पदाचा नित्यक्रम, तेथे ही उणीव लहान नव्हे. तिच्यासह त्यांनी राज्यकारभार केला. १९८२ साली त्यांच्या सरकारने शालेय मुलांसाठी पौष्टिक आहार योजना सुरू केली.

१९८४ मधील गंभीर आजारानंतर त्यांची वाणीही अडखळू लागली. तरीही १९८५ च्या फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. २४ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

आपल्या मृत्युपत्रात त्यांनी मूकबधिरांसाठी तरतूद करून ठेवली होती. त्यानुसार रामापुरम येथे, जेथे त्यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच निवासस्थानाच्या परिसरात, वाणी व श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा उभी राहिली.