बंदुकीचा कारागीर : जॉन ब्राउनिंग

(तृतीय वर्ष कला)

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यास गोळ्या घातल्या, हे आपण शाळेपासून वाचीत आलो आहोत. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर जी वीस पिस्तुले गुप्तपणे धाडली होती, ती ब्राउनिंग पिस्तुले होती, हेही पुस्तकात असते. पण ब्राउनिंग हे एका माणसाचे नाव आहे, तो कोण, कोठला, असे आपण कधी विचारले आहे काय? निदान मी तरी विचारले नव्हते. एन.सी.सी.च्या शिबिरात रायफलचे सुटे भाग हाती आले, तेव्हा प्रथम हे कुतूहल जागे झाले. त्या माणसाचे चरित्र येथे थोडक्यात सांगत आहे.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑगडेन या गावी झाला. तो मुलूख तेव्हा नवा वसत होता. वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे कारागीर. मॉर्मन पंथाचे अनुयायी. तीन बायका आणि बावीस मुले असा मोठा खटला! दुकानात बंदुकांची दुरुस्ती तर होईच, पण गावकऱ्यांची मोडकी अवजारेही येत. आपल्या नरडाण्यासारख्या गावात लोहाराच्या भात्यापाशी जसे लहान पोर बसून असते आणि कोणी न शिकविता घण, सांडशी, कानस ओळखू लागते, तसेच जॉनचे झाले. शाळेतील शिक्षण जुजबीच. दहाव्या वर्षी त्याने अडगळीतील एका मोडक्या नळीपासून ओबडधोबड बंदूक बनविली आणि धाकट्या मॅट या भावास बरोबर घेऊन रानकोंबड्या मारून आणल्या. घरात जेवणाची सोय झाली, परंतु कारागीर बापाच्या नजरेस त्या बंदुकीचा ओबडधोबडपणा पडल्यावाचून राहिला नाही. हात साफ असला पाहिजे, हा धडा मुलास तेथेच मिळाला.

१८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी रेचेल हिच्याशी विवाह झाला, वडील वारले आणि एकेरी बाराच्या रायफलीचे पहिले पेटंटही मिळाले. भावांनी मिळून छोटा कारखाना काढला. जवळ मोठी यंत्रे नव्हती, शिकलेला इंजिनिअर नव्हता. तरी त्या रायफलीची कीर्ती पूर्वेकडे पोचली आणि १८८३ साली विंचेस्टर या नामांकित कंपनीचे बेनेट हे गृहस्थ ऑगडेनला आले. आठ हजार डॉलरना हक्क विकत घेऊन ते परतले. पुढे सुमारे एकोणीस वर्षे ब्राउनिंगने एकामागून एक नमुने करावेत आणि विंचेस्टरने ते घ्यावेत, असा क्रम चालला. मध्ये १८८७ ते १८८९ अशी दोन वर्षे तो धर्मप्रचारासाठी जॉर्जिया प्रांतात हिंडला.

परत आल्यावर १८८९ च्या शरद ऋतूत जे घडले, ते त्याच्या चरित्रातील सर्वांत सुंदर प्रकरण होय. पाणथळ जागी नेमबाजी चालली होती. बंदुकीचा बार निघाला की नळीच्या तोंडापुढचे लव्हाळे वाकत. हे दृश्य त्याने पूर्वी शेकडो वेळा पाहिले असेल. इतरांनीही पाहिले होते. पांझरेच्या काठी वाऱ्याने लव्हाळे वाकताना आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. त्या दिवशी मात्र त्याच्या मनात आले की, गोळी तर केव्हाच निघून गेली. मग हे गवत वाकविणारा वायू फुकट का जावा? घरी येऊन त्याने नळीच्या तोंडापुढे भोक पाडलेला जड लोखंडी तुकडा ठेवून बार काढला. गोळी भोकातून गेली आणि मागून आलेल्या वायूने तो तुकडा दूर भिरकावला. वायूत बळ आहे, हे सिद्ध झाले.

त्यापूर्वी १८८४ च्या सुमारास हायरम मॅक्सिम याने बंदुकीच्या मागे बसणाऱ्या धक्क्याचा उपयोग करून आपोआप चालणारी तोफबंदूक केली होती. ब्राउनिंगने वायूचा उपयोग केला. तत्त्व सोपे आहे. पेटलेल्या दारूचा थोडा वायू वळवून त्याच्याकडून एक दांडा ढकलवायचा. दांड्याने रिकामे टरफल बाहेर काढायचे आणि स्प्रिंगने परत येताना नवे काडतूस आत बसवायचे. पण तत्त्व सोपे असले तरी मेळ कठीण. वायू कमी पडला तर यंत्र मध्येच अडते. जास्त झाला तर भाग एकमेकांवर आदळून झिजतात, मोडतात आणि खांद्यासही दणका बसतो. थंडी, धूळ, नळीत साचणारी काजळी यांनी तो मेळ पुन्हा बिघडतो. कमी नाही, अधिक नाही, असे माप सापडेपर्यंत करून पाहणे, खोलणे, घासणे, पुन्हा करून पाहणे, हेच त्याचे सारे आयुष्य होते. ही बंदूक कोल्ट कंपनीने घेतली व १८९५ च्या नमुन्याच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. तिचा दांडा खालच्या बाजूस झुलत असल्याने शिपायांनी तिला बटाटे उकरणारी म्हणून नाव ठेवले!

धक्क्यावर चालणारी शिकारी बंदूकही त्याने केली. तिच्यात नळी आणि कुलूप दोन्ही एकत्र मागे सरकत. आता काडतूस कोणी हलके वापरतो, कोणी जड. त्यासाठी नळीखालच्या स्प्रिंगपाशी घर्षणाच्या कड्या बसवून त्यांची मांडणी बदलण्याची सोय त्याने ठेवली. या बंदुकीवर त्याने प्रत्येक नगामागे मोबदला मागितला. विंचेस्टरला ते मान्य नव्हते आणि १९०२ मध्ये जुना संबंध तुटला. तो रेमिंग्टनच्या हार्टली यांच्याकडे गेला. बाहेरच्या खोलीत वाट पाहत बसला असताना आतून बातमी आली की, हार्टली हृदयविकाराने वारले! तेव्हा नमुना बरोबर घेऊन तो बोटीने बेल्जियमला गेला. लीएजजवळील हर्स्टाल येथील एफ.एन. कारखाना त्याची पिस्तुले आधीच बनवीत होता. त्याने ही बंदूकही घेतली. नाशिकला आलेली पिस्तुलेही बेल्जियममधलीच.

१९११ साली त्याचे पिस्तूल अमेरिकन सैन्याने स्वीकारले. त्यापूर्वीच्या परीक्षेत सहा हजार बार काढले, तरी ते एकदाही अडले नाही. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा त्याच्या मशिनगनने चाचणीत वीस हजार व पुन्हा वीस हजार गोळ्या झाडल्या. वायूवर चालणारी, एका माणसाने उचलून नेण्याजोगी स्वयंचलित रायफलही त्याने दिली. या सर्वांच्या हक्कांबद्दल सरकारने साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगावर मोबदला घेता तर रक्कम सव्वा कोटी डॉलरांच्या वर गेली असती. विंचेस्टरशी मोबदल्यावरून भांडणाऱ्या या माणसाने सरकारची रक्कम मात्र घासाघीस न करता मान्य केली. त्याचा मुलगा व्हॅल तीच रायफल घेऊन फ्रान्सच्या रणभूमीवर गेला.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लीएज येथे, कारखान्यातच, मुलाच्या कचेरीत त्याचे हृदयक्रिया बंद पडून निधन झाले. एकशे अठ्ठावीस पेटंटे त्याच्या नावावर होती. अपुरे राहिलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह या तेथल्याच कारागिराने पूर्ण केले. त्याच नमुन्यावरचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल पुढे आपल्या इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागले. याच सेव्हने पुढे जी रायफल रचली, तिच्यावरून आपली एस.एल.आर. आली. पोलीस चौकीत शिपायाच्या खांद्यावर आपण जी पाहिली, तीच ही. तिच्याही नळीवर वायूचे माप कमीजास्त करण्याची सोय असते. ऑगडेनच्या पाणथळ जागेतले ते वाकलेले गवत असे आपल्या धुळे जिल्ह्यापर्यंत येऊन पोचले आहे.

एक गोष्ट मात्र मनात सलते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. कान्हेरे यांच्या हातात ब्राउनिंग होते, म्हणून आपण त्या नावापुढे नकळत मान लववितो. १९१४ साली साराजेव्होत ज्या पिस्तुलाने युवराजाचा बळी घेतला आणि लाखो माणसांच्या संहाराचे निमित्त झाले, तेही ब्राउनिंगचेच, त्याच कारखान्यातले. घडविणारा हात एक, कौशल्य एक. मग पुण्य कोणाचे आणि पाप कोणाचे? सारा दोष वापरणाऱ्याचा, असे म्हणून सुटता येईल. पण जो वस्तू अधिक वेगाने, अधिक बिनचूक चालावी म्हणून रात्रंदिवस झिजतो, त्याचा तिच्या कामाशी काहीच संबंध नाही, असे म्हणणेही खरे वाटत नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे. खानदेशातील कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. त्या घरांतील कष्टाळू माणसांना दोषी म्हणण्याचे धाडस मला नाही. म्हणून हा प्रश्न मी प्राध्यापकवर्गापुढे आणि मित्रांपुढे तसाच ठेवतो.

ब्राउनिंगचे कौतुक करताना त्याच्या शस्त्रांचे कौतुक केलेच पाहिजे असे नाही. पण जुजबी शाळा शिकलेल्या एका खेड्यातील पोराने, सर्वांनी पाहिलेले आणि कोणीच न पाहिलेले गवत नीट पाहिले, एवढे तरी आपण घ्यावे. ती नजर आपल्या शिवारातही कोणाची असेल. तिने बंदूकच घडवावी असे थोडेच आहे! कोरडवाहू शेतीत तिला काम पुष्कळ आहे.